उभ्या मोटारीचा क्लच

आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे जुन्या मराठी माणसाच्या तोंडी असलेल्या एदलाबादेत आणि तिच्या आसपास, जुन्या वाड्याच्या पडवीत किंवा कापसाच्या जिनाच्या आवारात एखादी मोटार वर्षानुवर्षे उभी असलेली आढळते. घरच्या वडीलधाऱ्या माणसाने ती हौसेने घेतलेली असते. पुढे मालक थकतो, मुले हैदराबादला किंवा नागपूरला निघून जातात, आणि गाडी ‘ठेवून दिली’ जाते. ‘ठेवून देणे’ हा शब्दप्रयोग मोठा विश्वासाचा आहे. तांब्यापितळेची भांडी ठेवून द्यावीत, दागिना ठेवून द्यावा, तशी मोटारही ठेवून द्यावी आणि पुढे कधी लागलीच तर झटकून वापरावी, अशी त्यात समजूत असते. चालत नाही म्हणजे झिजत नाही, आणि झिजत नाही म्हणजे बिघडत नाही, हा त्यामागचा हिशेब.

मग एके दिवशी कोणी नातू सुटीत येतो आणि गाडी चालू करण्याचे मनावर घेतो. बॅटरी मेलेली असणार, टायर बसलेले असणार, टाकीतले पेट्रोल विटलेले असणार, हे त्याला ठाऊक असते. नवी बॅटरी येते, टाकी धुतली जाते, आणि चार हिसक्यांनंतर एंजिन खरोखरच बोलू लागते. घरात आनंदीआनंद होतो. परंतु पेडल दाबून गीअर टाकू गेले की दातावर दात घासल्याचा कर्कश आवाज येतो आणि गीअर पडत नाही. मिस्त्री येतो, एकदा पेडल दाबून पाहतो आणि सांगतो, ‘क्लच चिकटला.’ यावर मालकाचा प्रश्न ठरलेला असतो. जो क्लच इतकी वर्षे कोणी वापरलाच नाही, तो बिघडला कसा?

हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. त्याचे उत्तर क्लचच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात आहे, आणि गंमत अशी की त्या इतिहासाचा पहिला धडा ज्याला पाहावयाचा असेल त्याला आदिलाबादच्या जिनाबाहेर जावे लागत नाही.

जुन्या जिनिंग फॅक्टरीत एकच मोठे एंजिन असे. छताखालून एक लांब दांडा फिरे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका चरकीकडे येत. सगळा दांडा फिरत असताना एखादीच चरकी थांबवावयाची झाल्यास काय करावे? तिच्या आसावर शेजारीशेजारी दोन पुल्या बसवीत : एक आसाला घट्ट जडलेली, दुसरी सुटी. पट्टा घट्ट पुलीवर असला की चरकी फिरे. आडकाठीने सुट्या पुलीवर सरकवला की पट्टा फिरत राही आणि चरकी थांबे. कार्ल बेंझने १८८५ साली जी तीनचाकी मोटार जर्मनीत बनविली, तिच्यात हीच युक्ती होती. त्या गाडीत वेगळा क्लच नव्हता. पट्टा सुट्या पुलीवरून घट्ट पुलीवर सरकला की गाडी चालू लागे. कारखान्यातील व्यवस्थाच त्याने उचलून चाकांवर ठेवली होती.

मोटारीला या युक्तीची गरज का पडते, हे एका वाक्यात सांगता येते. वाफेचे एंजिन थांबलेल्या अवस्थेतूनही जोर लावू शकते. पेट्रोलच्या एंजिनाला ते जमत नाही. ते आधी फिरत असले पाहिजे, मगच त्याला ओझे सोसते. म्हणून फिरणारे एंजिन आणि थांबलेली चाके यांच्यामध्ये सोडता येईल आणि हळूहळू धरता येईल असा एक हात लागतो. १८९१ साली फ्रान्समध्ये एमिल लेव्हासोर याने एंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गीअरची पेटी अशी मांडणी केली आणि पुढे जगातील बहुतेक मोटारींनी तीच पत्करली. क्लच हा शब्द तेव्हापासून चालकाच्या डाव्या पायाखाली आला, तो कायमचा.

या क्लचचा पहिला सर्वमान्य अवतार शंकूच्या आकाराचा होता. एंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, आतून वाटीसारखा खोलगट भाग असे आणि त्यात एक शंकू स्प्रिंगच्या जोराने रुतून बसे. शंकूच्या अंगावर चामडे चढविलेले असे. पेडल दाबले की शंकू मागे सरके आणि संबंध तुटे. सोडले की पुन्हा रुतून बसे. चामडे हे जिवंत कातडीचेच रूप असल्यामुळे त्याला खुराक लागे. ते कोरडे पडले की कडक होई आणि गाडी हिसका देऊन उडी घेई. त्यावर उपाय एरंडेल तेलाचा. तेल जास्त झाले की शंकू निसटू लागे; त्यावर उपाय मुलतानी मातीचा. मोटारीच्या दुखण्याला एरंडेल आणि मुलतानी माती ही औषधे इंग्रज तज्ज्ञ लिहून देत असत, हे आज ऐकून हसू येईल. पण चामड्याला गुण येई यात शंका नाही. मात्र गाडी वर्ष-दोन वर्षे उभी राहिली की चामडे सुरकुतून कडक होई, किंवा ओलीने वाटीला डकून बसे. उभे राहण्याचे दुखणे क्लचच्या जन्मापासूनच त्याच्या मागे लागलेले आहे, ते असे.

आदिलाबाद ज्या राज्यात होते, त्या हैदराबाद संस्थानाने उभ्या मोटारीचा एक अजोड नमुना जगाला दिलेला आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १९११ साली रोल्स-रॉईस कंपनीकडे सिल्व्हर घोस्ट जातीची एक गाडी मागविली. तिची बैठक लंडनच्या बार्कर कंपनीने बांधली. मागचे आसन सिंहासनासारखे उंच, रंग पिवळा. परंतु गाडी हाती येण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, निजामांचा अंत झाला. गाडी सातव्या निजामांकडे, मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली. ती दरबारी समारंभापुरतीच बाहेर निघे. पुढे कित्येक दशके ती नुसती उभी राहिली आणि सगळ्या आयुष्यात जेमतेम साडेतीनशे मैल चालली, असे तिच्याविषयी सांगितले जाते. आदिलाबाद ते हैदराबाद आणि परत एवढीदेखील ही मजल नव्हे! एकविसाव्या शतकात डागडुजी होऊन ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आली. चालण्याने झिजणे हेच जर मोटारीचे मरण असते, तर या गाडीला डागडुजीची गरज पडावयास नको होती.

याच निजामांच्या नावाची आठवण देणारा महबूब घाट निर्मलहून आदिलाबादला येताना लागतो. क्लचची खरी परीक्षा अशा घाटात होत असे. ओझ्याने भरलेली गाडी चढणीवर थांबवावयाची आणि पुन्हा हलवावयाची म्हणजे क्लच घासणार, तापणार आणि जळणार. जळक्या क्लचचा वास ज्याने एकदा घेतला आहे तो त्याला विसरत नाही. म्हणूनच क्लच सुधारणाऱ्या कारागिरांचे सारे लक्ष झीज आणि ताप या दोन शत्रूंवर राहिले. उभे राहण्याचा तिसरा शत्रू कोणाच्या फारसा ध्यानी नव्हता, आणि प्रत्येक सुधारणेबरोबर तो नुसता वेष पालटून आला.

चामड्याच्या शंकूनंतर तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा क्लच आला. फोर्डच्या ‘टी’ गाडीत तो होता, आणि १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या. तेव्हा मोटार म्हणजे काय हे जगातील असंख्य लोकांना याच क्लचने शिकविले, असे म्हणावयास हरकत नाही. तेलामुळे घर्षण सौम्य होई, ताप कमी होई. पण थंडीत तेल घट्ट झाले की चकत्या एकमेकींना सोडीत नसत. मालक पुढे उभा राहून हँडल मारी आणि एंजिन सुरू होताच गाडी हळूच त्याच्याच अंगावर चालून येई. शहाणे लोक अशा वेळी मागचे एक चाक जॅकवर उचलून ठेवीत. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत तर जुन्या तेलाचा चिकटा होई आणि चकत्यांची जणू एकच लादी बने.

खरी क्रांती झाली ती एका घोडागाडीच्या जोड्यामुळे. इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान उतारावर लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचे तळ ठोकीत, हे हर्बर्ट फ्रूड याने पाहिले. १८९७ साली त्याने घर्षणासाठी खास विणलेले कापड बनविण्यास सुरुवात केली आणि आपल्या आडनावाच्या अक्षरांत एका अक्षराची भर घालून त्याला ‘फेरोडो’ हे नाव दिले. त्याच्या आरंभीच्या अस्तरांत डांबरी द्रवात भिजविलेले सुती विणकाम होते. कापूस पिकविणाऱ्या मुलखाने या गोष्टीची नोंद घ्यावयास हवी. पण सूत तापाने करपते. म्हणून १९०८ पासून त्यात अॅस्बेस्टॉसचा धागा आला. जळत नाही, झिजता झिजत नाही, स्वस्त आहे : कारागिराला आणखी काय हवे? या अस्तराने एकपत्री कोरडा क्लच शक्य झाला. दोन्ही बाजूंना अस्तर लावलेली एक पातळ तबकडी, तिच्या एका बाजूला ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला दाबपट्टी, आणि दाबपट्टीमागे स्प्रिंगा. दुसऱ्या महायुद्धातील जीप याच क्लचवर जगभर धावली आणि पुढच्या काळातील आपल्याकडच्या अॅम्बॅसिडर, फियाट, मारुती याही मोटारी याच कुळातल्या.

आता मालकाच्या मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. कोरड्या क्लचमध्ये पेडल दाबले की पकड सुटते. पेडल सोडलेले असताना स्प्रिंगा तबकडीला शेकडो किलोंच्या जोराने लोखंडावर आवळून धरतात. म्हणजे ज्या अवस्थेला आपण गाडीची विश्रांती म्हणतो, तीच क्लचची सर्वांत घट्ट मूठ असते. मालक दार लावून निघून गेला, वर्षे लोटली, घरात मुंजी-लग्ने झाली, आणि या साऱ्या काळात ती मूठ एकदाही उघडली नाही. मुठीच्या एका बाजूला गंजणारे लोखंड, दुसऱ्या बाजूला सच्छिद्र, ओल शोषून घेणारे अस्तर. अशा जोडीला ओल मिळाली की लोखंडावर गंज फुगतो, अस्तराच्या छिद्रांत शिरतो आणि दोहोंना सरसासारखा जोडून टाकतो.

आणि ओल द्यावयाला आदिलाबादचे हवामान मुळीच कंजुष नाही. तेलंगणातील भरघोस पावसाच्या भागांत हा मुलूख मोडतो. वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कापसाची काळी जमीन हे पाणी पोटात धरून ठेवते आणि महिनोन् महिने हळूहळू वाफेने वर सोडते. पडवीत फरशी नसली, नुसती मातीची जमीन असली, तर ही वाफ थेट गाडीच्या पोटाला लागते. क्लचच्या घुमटाला खालून आणि बाजूने फटी असतात, त्यांतून आत शिरते. हिवाळ्यातील येथील रात्री तेलंगणातील सर्वांत थंड रात्रींपैकी असतात. रात्री थंड पडलेल्या जड लोखंडावर सकाळची दमट हवा दंवासारखी उतरते. उन्हाळा मात्र पंचेचाळीस अंशांना पोचणारा. तो सारे कोरडे करतो आणि गंज तेवढा पक्का करून जातो. पेल्यात सरस भिजवावा, लावावा आणि वाळवावा, तसे हे चक्र वर्षाला एकदा पुरे होते. जिनाच्या आवारातील गाड्यांवर आणखी एक संकट असते. उंदरांना क्लचच्या घुमटासारखी उबदार जागा आणि बोंडातला कापूस एकत्र सापडला तर त्यांच्या संसाराला काही कमी पडत नाही. आणि त्यांच्या मूत्राने लोखंड पावसापेक्षाही लवकर गंजते.

युरोपमधील लोकांना ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर कळली ती युद्धात. जुलै १९४२ मध्ये ब्रिटनने खासगी मोटारींचे मूळ पेट्रोल-रेशन बंद केले आणि असंख्य गाड्या एकाच वेळी ठोकळ्यांवर चढल्या. हिंदुस्थानातही त्या वर्षांत पेट्रोलवर रेशन होतेच. गाडी ठेवून देताना पेडल दाबून, पेडल आणि आसन यांच्यामध्ये एक लाकडी दांडा अडकवून ठेवावा, म्हणजे तबकडी सुटी राहील, ही युक्ती अशाच सक्तीच्या मुक्कामातून रुळली. स्प्रिंगा त्यामुळे कायम दबलेल्या राहतात, अशी तिच्यावर हरकत घेतात. तरी दबलेली स्प्रिंग आणि डकलेली तबकडी यांत पहिले संकट हलके आहे. पण ही युक्ती सर्व गाड्यांना लागू पडत नाही, आणि याचे कारण क्लचच्या इतिहासातील पुढच्या सुधारणेत आहे.

आधी पेडलाचा जोर सळयांनी किंवा तारेने क्लचपर्यंत पोचत असे. पुढे अनेक गाड्यांत ते काम नळीतल्या द्रवाकडे आले. बाजारात त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, परंतु ते तेल नव्हेच. त्याचा धर्म हवेतील ओल ओढून घेण्याचा आहे. चार-पाच वर्षे न बदललेला हा द्रव पाणचट होतो, त्याच्या सिलिंडरच्या भिंतीला आतून गंजाचे खड्डे पडतात, रबरी वायसर फुगतात किंवा चिरतात. अशा गाडीत दांडा अडकवून ठेवला तरी द्रव हळूहळू निसटतो आणि तबकडी पुन्हा आवळली जाते. शिवाय येथे एक चकवा असतो. क्लच सुटत नाही हे लक्षण दोन्ही रोगांचे एकच. उपचार मात्र निराळे. पेडल ढिले पडून तळाला गेले तर दोष बहुधा द्रवाचा, आणि तो थोड्या खर्चात निघतो. पेडल घट्ट आहे, खालचा दांडा पुरा सरकतो आहे, तरी गाडी गीअरमध्ये टाकून आणि पेडल दाबून ढकलली असता तसूभर हलत नाही, तर तबकडी डकली असे समजावे. हे न पाहता थेट गीअरची पेटी उतरविणारे मिस्त्री आहेत, आणि नागपूर दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे, अशा ठिकाणी जुन्या गाडीचा सुटा भाग मागवून वाट पाहणाऱ्या मालकाला ती घाई महाग पडते. अॅम्बॅसिडरचे उत्पादन तर २०१४ सालीच थांबले आहे.

२०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा हा प्रश्न नव्या गाड्यांच्या मालकांनाही भेडसावून गेला. एकच पावसाळा उभी राहिलेली गाडी पहिल्यांदा गीअर पडू देईना, मग एका हिसक्यानिशी ‘टक्’ असा आवाज होऊन सुटे. एवढ्यावर निभावले तर ते नशीब. गंज कोवळा असला की हिसका पुरतो. दहा-पंधरा पावसाळ्यांच्या गंजाला तो पुरत नाही.

हिसका द्यावयाचा तो कसा, यावर मात्र जीव अवलंबून असतो. प्रचारातली रीत अशी की एंजिन आधी चांगले तापू द्यावे, म्हणजे लोखंड प्रसरण पावून गंजाची पकड थोडी सैल होते. मग ते बंद करून, गाडी गीअरमध्ये घालून, पेडल पुरते दाबून स्टार्टर मारावा. गाडी तत्क्षणी चालू लागते, कारण क्लच सुटलेला नसतो. चालत्या गाडीत पेडल दाबूनच ठेवून अॅक्सिलरेटर द्यावा आणि सोडावा, पुन्हा द्यावा आणि सोडावा, मधूनमधून ब्रेक लावावा. अशा उलटसुलट ताणाने तबकडी सुटते. यासाठी मोकळे, सपाट मैदान हवे आणि त्याआधी ब्रेक तपासलेले हवेत. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेकही उभेच राहिलेले असतात, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते. पडवीत, पुढे भिंत आणि मध्ये कौतुकाने पाहणारी मुले असताना हा प्रयोग करणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. काही जण मागची चाके जॅकवर उचलून, एंजिन पळवून, एकदम ब्रेक दाबतात. जॅकवरून घसरलेल्या गाडीखाली माणूस सापडला म्हणजे या युक्तीची किंमत कळते.

सुटलेला क्लच पुन्हा पूर्वीसारखा होतो असेही नाही. अस्तराचे टवके लोखंडाला चिकटून राहतात, फ्लायव्हीलवर गंजाचा ठसा उमटलेला असतो, आणि गाडी निघताना थरथरते. शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर थरथर गेली तर बरे. न गेली तर पेटी उतरविण्यावाचून गत्यंतर नाही.

पेटी उतरली की घुमटात काळसर भुकटी साचलेली दिसते. मिस्त्री सवयीने हवेची नळी तिच्यावर धरतो, आणि सारी भुकटी त्याच्या व शेजारी उभ्या पोऱ्याच्या श्वासात जाते. फ्रूडच्या अस्तराला ज्याने अमर केले तोच हा अॅस्बेस्टॉस. त्याचे धागे फुप्फुसात रुतून बसतात आणि वीस-तीस वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने वर येतात. ब्रिटनने १९९९ साली त्याच्या वापरावर बंदी घातली. परंतु त्याआधीच्या कित्येक गाड्यांच्या पोटात तो अजून तसाच आहे, आणि ज्या गाड्या बरीच वर्षे उभ्या आहेत त्या नेमक्या त्याच काळातल्या आहेत. म्हणून जुन्या गाडीचा क्लच उघडताना हवा मारू नये. भुकटीवर पाणी शिंपडावे, ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी, फडके ओले असतानाच पिशवीत बांधून टाकावे, आणि पोऱ्याला तेवढा वेळ बाहेर पाठवावे.